कंपनीला वादळ माफ, म्हातारीला अंधार!



बिल बुडवा असे आम्ही कोणालाही सांगत नाही. वापरलेल्या विजेचे पैसे द्यायलाच हवेत. आमचा सवाल एवढाच आहे, की भर पावसाळ्यात एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरची वीज तोडून सरकार कोणता पराक्रम गाजवते?

२०२० च्या टाळेबंदीत मीटर वाचायला कोणी आले नाही आणि जूनमध्ये तीन महिन्यांची बिले एकदम अंगावर आली. २ मार्च २०२१ रोजी उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत वीजतोडणीला स्थगिती दिली. १० मार्चला, अधिवेशन संपता संपता, ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी ती उठवली. आठ दिवसांचा दिलासा!

त्याच वर्षी १६ मे रोजी तौक्ते वादळ आले. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात खांब आडवे झाले, गावेच्या गावे कित्येक दिवस काळोखात राहिली. या काळोखाची भरपाई? वीज नियामक आयोगाच्या नियमांत पळवाट तयार आहे : वादळ-पुरामुळे सेवा देता आली नाही, तर भरपाई द्यावी लागत नाही. म्हणजे कंपनीला वादळ माफ. ज्याचे माड आणि कलमे त्याच वादळात मोडली, त्याला बिलाची तारीख मात्र माफ नाही. हा कुठला न्याय?

२००३ च्या वीज कायद्याचे कलम ५६ सांगते, तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या. १९१० च्या कायद्यात सातच दिवस होते. पण वय, आजारपण, एकटेपण यांबद्दल या कलमात एक शब्द नाही. त्यात आता नोटीस मोबाईलवर येते. नंबर मुंबईच्या चाकरमान्याचा आणि घरात राहतात म्हातारे आईबाप! वायरमन निदान दारात येतो, म्हातारीचा चेहरा पाहून दोन दिवस थांबतो. स्मार्ट मीटरचा पुरवठा तर कार्यालयात बसून बंद करता येतो.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च या थंडीच्या दिवसांत एकट्या राहणाऱ्या वृद्धाची वीज तोडायला मनाई आहे. फ्रान्समध्ये नोव्हेंबर ते मार्च कोणत्याच घराची वीज तोडता येत नाही. त्यांची थंडी तसा आमचा पावसाळा. मासेमारी बंद, आंबा संपलेला, भात शेतात. हातात पैसा नसतो तो नेमका याच दिवसांत. पंप बंद म्हणजे निसरड्या विहिरीवरून पाणी ओढणे. दिवा बंद म्हणजे पायाखालचे फुरसे न दिसणे.

कंपनी म्हणेल, थकबाकीने आम्ही बुडू. दोन दिवे आणि एक पंखा असलेल्या घराने कोणती कंपनी बुडाली? चार महिने थांबा, ऑक्टोबरपासून हप्त्याने घ्या.

जिल्हा बैठकीत पुढील ठराव मांडत आहोत :

१. जून ते सप्टेंबर एकट्या वृद्धांच्या आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरची वीज तोडू नये.

२. नोटीस कागदावर, घरातल्या माणसाच्या हाती, सही घेऊन द्यावी.

३. अशा घरांची यादी ग्रामपंचायतीने वीज कार्यालयाला द्यावी. यादीतल्या घराचा पुरवठा कार्यालयात बसून बंद करू नये.

ठराव मान्य होईपर्यंत हातात आहे तो कायदा वापरा. बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती 'हरकत राखून' भरा आणि तसे लिहून पोच घ्या. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही, हेही कलम ५६ मध्येच लिहिले आहे. तक्रार ग्राहक गाऱ्हाणे मंचाकडे करा, तिथे न्याय न मिळाल्यास विद्युत लोकपालाकडे.

गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांची बिले आणि नोटिसा बैठकीला घेऊन या. त्यांना येणे जमणार नाही. त्यांच्या वतीने आपण बोलायचे आहे.