मनाचें शास्त्र आणि एक जुना मास्तर

दोन वर्षांपूर्वीं ज्येष्ठ महिन्यांत आमच्या माजघरांत एक सभा भरली होती. वडील बंधूंची नात बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली होती, आणि पदवीसाठीं मानसशास्त्र हा विषय घेण्याचा मनोदय तिनें जाहीर केला होता. तिचे आजोबा म्हणाले, "वेड्यांचा अभ्यास शहाण्यांच्या घरांत कशाला?" तिच्या आईची काळजी निराळी, स्थळें पाहतांना लोक विचारतील, मुलीला कांहीं त्रास होता काय? थोरल्या काकांनीं पगाराचा हिशेब मांडला. शेवटीं सर्वांची दृष्टि माझ्याकडे वळली, कारण घरांतला मास्तर मी. मीं अधिकारवाणीनें सांगितलें कीं, मन ओळखावयास पदवी लागत नाहीं. पस्तीस वर्षें मुलांचे चेहरे पाहून मीं त्यांचीं मनें ओळखलीं आहेत. पोर नम्रपणें म्हणाली, "नानाआजोबा, तुम्हीं ओळखलेलीं सगळीं बरोबर निघालीं, हें कशावरून?" मला उत्तर सुचलें नाहीं. मीं चहा मागविला.

तिनें तोच विषय घेतला. आतां ती तिसऱ्या वर्षांत आहे. तिच्या वह्यापुस्तकांवरून जें मला उमगलें, तें असाच प्रश्न ज्या घरीं उभा असेल त्या घरच्या वडीलधाऱ्यांकरितां येथें लिहितों.

मनाचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. दोन ज्ञानें एकाच क्षणीं उत्पन्न होत नाहींत, या अनुभवावरून नैयायिकांनीं मन नांवाचें इंद्रिय अनुमानानें सिद्ध केलें. निरीक्षण सूक्ष्म खरें. परंतु हा क्रम किती वेळांत घडतो, हें कोणीं मोजलें नव्हतें. जर्मनींत लाइप्झिग येथें विल्हेल्म वुंट यांनीं १८७९ सालीं प्रयोगशाळा उघडली आणि असल्या गोष्टी उपकरणांनीं मोजण्यास आरंभ केला. आपल्या देशांत कलकत्ता विद्यापीठानें १९१६ सालीं या शास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला. फ्रान्समधील बिने यांनीं १९०५ सालीं रचलेल्या बुद्धिमापनाच्या कसोट्या पुढें डॉ. कामत यांनीं मराठी व कानडी मुलांकरितां बसविल्या. त्यांचें त्याविषयींचें पुस्तक १९४० सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां हें शास्त्र आपल्या उंबरठ्याशीं येऊन बराच काळ लोटला आहे.

या अभ्यासांत स्वप्नें आणि वेड यांचीच चर्चा असेल, अशी माझी समजूत होती. नातीच्या टेबलावर मला पहिल्यानें दिसलें तें सांख्यिकीचें पुस्तक. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध! गणिताला कंटाळून या विषयाकडे वळणाऱ्या मुलांनीं हें आधींच जाणून असावें. शिवाय प्रत्यक्ष प्रयोग करावे लागतात, आणि प्रयोगाला माणूस लागतो. एके दिवशीं तो मान मला मिळाला.

तिनें निरर्थक अक्षरांचे बारा समूह एकामागून एक दाखविले आणि आठवतील तेवढे लिहावयास सांगितले. ही रीत एबिंगहाउस या पंडितानें १८८५ सालीं प्रसिद्ध केली. स्वतःवरच प्रयोग करून त्यानें विस्मरणाचें माप काढलें होतें. मी लहानपणीं अमरकोश म्हटलेला माणूस. बारा अक्षरसमूहांची काय कथा? लिहावयास बसलों तों आरंभींचे दोन आणि शेवटचे तीन तेवढे आठवले, मधले सारे पुसून गेले. ती म्हणाली, "बहुतेकांचें असेंच होतें. तुमचें पाठांतर अर्थावर, छंदावर आणि उजळणीवर उभें आहे; येथें त्यांतलें कांहींच नाहीं." मीं आजन्म तासाच्या मधोमधच कठीण भाग शिकवीत आलों, तें त्या रात्रीं आठवलें.

परंतु खरी परीक्षा पुढें होती. तीसएक वर्षांपूर्वीं माझ्या सहावीच्या वर्गांत एक मुलगा होता. तोंडीं विचारलें कीं उत्तर तयार. लिहावयास बसविलें कीं काना-मात्रा गळत, अक्षरें मागेंपुढें होत. मीं त्याला आळशी ठरविलें. एकदां त्याची वही वर्गापुढें उंच धरून दाखविली. मुलें हंसलीं. पुढच्या वर्षीं तो शाळेंत दिसला नाहीं, आणि मींही चौकशी केली नाहीं. गेल्या पावसाळ्यांत नातीच्या वहींत अध्ययन-अक्षमतेवरचें टिपण वाचलें. बुद्धि चांगली असूनहि वाचन किंवा लेखन तेवढें अडतें, अशीं मुलें असतात. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यांतहि या अक्षमतेचा समावेश झाला आहे. टिपण वाचतां वाचतां ती वही माझ्या डोळ्यांपुढें उभी राहिली. मीं नातीला सारें सांगितलें आणि म्हटलें, "त्याला हेंच झालें असलें पाहिजे." ती क्षणभर थांबून म्हणाली, "असेलही. पण त्याची तपासणी कोणीं केली नाहीं. आतां पुन्हां चेहऱ्यावरूनच निदान करूं नका."

या एका वाक्यांत तिच्या दोन वर्षांच्या अभ्यासाचें सार मला मिळालें. माणसाविषयीं घाईनें मत बनवूं नये, बनलेंच तर तें पडताळून पाहावें, आणि पुरावा नसेल तेथें गप्प राहावें, ही संवय त्या वर्गांत लागते. ती मला वेळेवर लागली असती तर एका मुलाची वही मिटलेलीच राहिली असती.

व्यवहाराचेंहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. या पदवीनें कोणी मनाचा वैद्य होत नाहीं. मनोविकारतज्ज्ञ होण्यास वैद्यकाचा मार्ग आहे. औषध देण्याचा अधिकार त्याचा. रुग्णालयांत मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करावयाचें तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें मान्य केलेली अर्हता लागते. नुसती कलाशाखेची पदवी तेथें पुरत नाहीं. शाळेंत समुपदेशन किंवा संशोधन करावयाचें तरी बहुधा पदव्युत्तर शिक्षण घ्यावेंच लागतें. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचीं तीन वर्षें आणि पुढचीं दोन, किंवा पदवीचीं चार आणि पुढचें एक, एवढा धीर घरानें धरावा. दुसरें असें कीं, मूल स्वतःच खिन्न असेल, तर हा अभ्यासक्रम त्यावरचा उपाय नव्हे. त्याला आधीं डॉक्टरांकडे न्यावें. त्यांत कमीपणा मानूं नये. तसेंच घरांत भांडण झालें कीं या मुलीला पंच म्हणून बसवूं नये. ती विद्यार्थिनी आहे.

वडील बंधूंचा विरोध आतां मावळला आहे. परवां त्यांनीं आपण होऊन तिच्या नव्या प्रयोगासाठीं नांव दिलें. मी मात्र त्या मुलाचा पत्ता शोधीत आहें. जुन्या हजेरीपटांवरून नांव मिळालें, गांव मिळालें. माणूस अजून मिळावयाचा आहे. भेटला तर निदान सांगणार नाहीं. क्षमा तेवढी मागेन.