कागदाची गोधडी आणि तिचे मालक

उपाहारगृहात तोंड पुसून टाकून दिला जाणारा कागदी रुमाल ही आर्थिक विचाराच्या दृष्टीने क्षुल्लक वस्तू वाटेल. तथापि मक्तेदारीची चाल पोलाद किंवा खनिज तेल यांच्या उदाहरणांवरून जितकी उमगते, तितकीच ती कित्येकदा अशा क्षुल्लक वस्तूवरूनही उमगते. टिश्यू कागदावर उमटवलेल्या नक्षीवरून अमेरिकेतील दोन अवाढव्य कंपन्या न्यायालयात झुंजल्या आणि २०११ साली त्या झुंजीचा निकाल लागला. उपयुक्त ज्ञानावर खाजगी मालकी किती काळ असावी, हा त्या निकालातील प्रश्न आपल्याकडेही तितकाच जिवंत आहे.

नक्षी कशासाठी?

हा कागद मुळात अत्यंत विरळ असतो. लगद्याचा ओला पापुद्रा मोठ्या तापलेल्या पिंपावर वाळवून पात्याने खरवडून काढतात. त्या खरवडण्यानेच त्याला बारीक चुण्या पडतात आणि मऊपणा येतो. लिहिण्याचा साधा कागद चौरस मीटरला ६० ते ८० ग्रॅम भरतो, तर टिश्यूचा एक पदर साधारणतः १५ ते २० ग्रॅम. असे दोन-तीन पदर नुसते एकमेकांवर ठेवले तर ते सुटे होतात. म्हणून कोरीव पोलादी रूळ आणि रबरी रूळ यांच्या चिमटीतून त्यांना दाबून नेतात व बहुधा उठावाच्या टोकांवर गोंदाचा पुसटसा लेप देतात. एका पद्धतीत एका पदराचे उठाव दुसऱ्याच्या खळग्यांत बसवतात. दुसरीत टोकाला टोक भिडवतात. दोन्हींत पदरांच्या मध्ये हवेचे कप्पे राहतात. कागद जाड लागतो आणि पाणी अधिक शोषतो.

त्यावर रंगीत छपाई करावयाची तर काम आणखी नाजूक होते. चुण्यांमुळे हा कागद ताणला जातो. ताणात किंचित फरक पडला की फुलाचा रंग एकीकडे आणि त्याचा उठाव दुसरीकडे जातो. शिवाय रुमाल ओठांना आणि अन्नाला लागणार, तेव्हा ओला झाल्यावर शाई सुटता कामा नये. धावत्या यंत्रावर हा मेळ राखणाऱ्या कामगाराचे कौशल्य वेष्टनावर कोठेही छापलेले नसते, हे जाता जाता नमूद केले पाहिजे.

परंतु नक्षीला दुसरी बाजू आहे. उठाव देताना तंतूंची वीण दुखावते आणि कागदाची ताकद घटते. उलटपक्षी त्याची जाडी वाढते. जाडी वाढली की कमी लांबीच्या कागदाची गुंडाळी पूर्वीइतकीच लठ्ठ दिसते. म्हणजे रुळाचा एकच दाब वापरणाऱ्याला मऊपणा देतो आणि विकणाऱ्याला थोडा माल पुष्कळ भासवण्याची सोयही देतो. वस्तू घडवण्याचा खर्च आणि ती खपवण्याचा खर्च यांची सरमिसळ होते, हे व्हेब्लेनने १९२३ साली ओळखले होते. १९३३ साली चेंबरलिनने दाखवले की, आपला माल इतरांहून निराळा भासवून प्रत्येक विक्रेता स्वतःपुरती एक छोटी मक्तेदारी उभी करतो. पुढे १९६६ साली बॅरन आणि स्वीझी यांनी मांडले की, मक्तेदारी भांडवलशाहीत विक्रीचा खटाटोप कारखान्याच्या आत, प्रत्यक्ष उत्पादनातच शिरतो. टिश्यूची नक्षी हे या सिद्धांताचे हातात धरून पाहता येण्याजोगे उदाहरण आहे.

मुदत संपली, मालकी संपेना

जॉर्जिया-पॅसिफिक या कंपनीने, जी २००५ पासून कोक उद्योगसमूहाच्या मालकीची आहे, गोधडीच्या टाक्यांसारखी चौकटीदार नक्षी आपल्या शौचकागदासाठी वापरली. या नक्षीने कागद फुगीर व मऊ लागतो आणि गुंडाळी एकसारखी बसते, असे सांगून तिने पेटंटे मिळवली. त्याच नक्षीची तिने व्यापारचिन्ह म्हणूनही नोंद करून घेतली. पेटंट ठराविक वर्षांनी संपते. व्यापारचिन्हाची मुदत मात्र पुन्हा पुन्हा वाढवून घेता येते. किंबर्ली-क्लार्कने तशाच धाटणीचा कागद बाजारात आणताच जॉर्जिया-पॅसिफिकने दावा गुदरला.

शिकागो येथील सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने २८ जुलै २०११ रोजी तो दावा फेटाळला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : ही नक्षी उपयोगी आहे असे पेटंट मागताना तुम्हीच शपथेवर सांगितले आहे, जे उपयोगी आहे ते केवळ ओळखीचे चिन्ह असू शकत नाही. इतरांना दुसऱ्या नक्ष्या उपलब्ध आहेत, ही सबबही न्यायालयाने मानली नाही.

हा निकाल म्हणजे सामान्य ग्राहकाचा विजय, असे समजण्याचे कारण नाही. जिंकणारी किंबर्ली-क्लार्कही १९९५ साली स्कॉट पेपर गिळंकृत केलेली महाकाय कंपनी आहे. तरीही निकालातील तत्त्व मोलाचे आहे. पेटंट हा समाजाशी झालेला करार असतो. समाज संशोधकाला काही वर्षांची मक्तेदारी देतो. मोबदल्यात मुदत संपताच ते ज्ञान सर्वांचे होते. मक्तेदारी घ्यावयाची आणि मोबदला मात्र द्यावयाचा नाही, हा करारभंगच होय. आपल्या आया-आज्यांनी जुनेऱ्यांचे थर टाक्यांनी जोडून गोधड्या शिवल्या. थर जुळवावेत आणि मध्ये हवा कोंडावी, हे तत्त्व त्यांच्या हातांत होते. त्या टाक्यावर कोणी मालकी सांगितली नाही.

यावर असा आक्षेप येतो की, संरक्षण नसेल तर संशोधनावर पैसा कोण खर्च करील? आक्षेप रास्त आहे. पण पेटंटाची मुदत हेच त्याचे उत्तर आहे. कंपनीचे नाव आणि बोधचिन्हही सुरक्षित राहतेच. एकाच शोधाचे मोल समाजाकडून दोनदा वसूल करू नये, एवढेच येथे मागणे आहे.

आपल्याकडे काय?

आपल्या व्यापारचिन्ह कायद्यातही (१९९९) तांत्रिक परिणामासाठी आवश्यक असलेला आकार चिन्ह म्हणून नोंदता येत नाही, अशी तरतूद आहे. पेटंट कायद्यात २००५ साली सुधारलेल्या कलम ३(ड)च्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसचा कर्करोगावरील औषधासंबंधीचा दावा फेटाळला, तेव्हा प्रश्न मुळात हाच होता : जुन्याच वस्तूला नवे रूप देऊन मक्तेदारी लांबवता येईल काय? कागदी रुमालात प्रश्न पैशांचा असतो, औषधात प्राणांचा. न्याय मात्र एकच. ही तरतूद सैल करण्याचा दबाव ज्या ज्या वेळी येईल, त्या त्या वेळी तिचे रक्षण करणे हे लोकशाहीवादी पक्षांचे कर्तव्य ठरते.

दुसरी मागणी साधी आहे. वेष्टनातील मालाची एककामागे किंमत छापण्याचे बंधन आता आपल्याकडे आले आहे. पण नगांनी विकल्या जाणाऱ्या वस्तूची किंमत दर नगामागे लिहिली की कायद्याचे समाधान होते. शंभर रुमाल म्हणजे किती कागद, हे त्यावरून कळत नाही. तेव्हा प्रत्येक वेष्टनावर पदरांची संख्या, रुमालाची लांबी-रुंदी आणि कागदाचे निव्वळ वजन छापणे सक्तीचे करावे. नक्षीला आमचा विरोध नाही. हातास मऊ लागणारी वस्तू कष्टकऱ्यालाही हवीच असते. परंतु हवेच्या कप्प्यांचे पैसे आपण देत आहोत की कागदाचे, हे कळण्याचा ग्राहकाचा हक्क कोणत्याही फुलापानांच्या नक्षीखाली दडपला जाता कामा नये.