सही करण्याचा दिवस

मार्च 2025 मध्ये बेळगावच्या सरकारी वैद्यकीय संस्थेची, म्हणजे ‘बिम्स’ची, बातमी कर्नाटकभर गाजली. उपचारासाठी दाखल केलेल्या आणि नंतर घरी न्यायला कुणीच न आलेल्या वृद्धांची तिथली प्रकरणं दीडशेहून अधिक भरली होती. वैद्यकीय शिक्षणमंत्री शरणप्रकाश पाटील यांनी आईबापांना असं टाकून गेलेल्या मुलांच्या नावानं झालेली मृत्युपत्रं आणि मालमत्तेची हस्तांतरणं रद्द करण्यासाठी पावलं उचलायला सांगितलं. ऐकायला बरं वाटलं. पण मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत ते हवं तेव्हा बदलू शकतो, त्याला मंत्र्यांची गरज नाही. अडतं ते बक्षीसपत्रापाशी. ते एकदा नोंदवलं की घर त्याच दिवशी दुसऱ्याचं होतं, आणि मग मंत्री काय म्हणतात यापेक्षा दस्तात काय लिहिलंय याला वजन येतं. म्हणूनच मला वाटतं, म्हाताऱ्या आईबापांच्या पैशाअडक्याच्या लुबाडणुकीकडे आपण चुकीच्या दिवशी पाहतो. त्यांना घराबाहेर काढलं की आपण हळहळतो. खरा व्यवहार त्याच्या कितीतरी आधी सबरजिस्ट्रार कचेरीत उरकलेला असतो.

हूटगळ्ळीसारख्या वस्तीत हे नीट कळतं. म्हैसूरच्या कडेचं हे गाव अगदी अलीकडेपर्यंत ग्रामपंचायत होतं, मग नगरसभा झालं. इकडे औद्योगिक वसाहत, तिकडे गृहनिर्माण मंडळाची कॉलनी, जवळच इन्फोसिसचं आवार. कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती इथं रोकड थोडी आणि जागेची किंमत मोठी, अशी अवस्था असते. घर हीच त्याची सगळी कमाई, आणि नेमकी तीच एका सहीनं हातची जाऊ शकते. त्या सहीचा खर्चही किरकोळ. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीस द्यायची तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये. कर्नाटकातही घरच्या माणसाला दिलेल्या बक्षिसावर बाजारभावाच्या टक्केवारीऐवजी ठरावीक, माफक रक्कम घेतात. सवलतीमागचा हेतू चांगला आहे, कुटुंबातल्या कुटुंबात कर कशाला, असा. पण सरकारनं हा दस्त जवळजवळ फुकट करून ठेवला आणि तो करणाऱ्याला एक जादा प्रश्नही विचारायचा नाही असं ठरवलं. नोंदणी कायद्याप्रमाणे अधिकारी फारतर एवढंच पाहतो, की माणूस तोच आहे ना आणि सही त्यानंच केली ना. का केली, उद्या राहणार कुठं, हे विचारणं त्याच्या कामात बसत नाही. शेजारी मुलगा उभा असतो आणि बहुतेक वेळा रिक्षाचं भाडंही त्यानंच दिलेलं असतं.

हा सगळा मोजक्या कृतघ्न मुलांचा प्रश्न आहे, असं आपल्याला वाटत आलंय. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’नं 1970 पासून मराठी प्रेक्षकाला या दुःखावर रडायला शिकवलं, पण आपण त्यातून संस्कारांचा धडा घेतला, कागदाचा नाही. आकडे वेगळं सांगतात. 28 देशांतल्या 52 अभ्यासांचा एकत्र आढावा 2017 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. साठीपुढच्या दर सहा माणसांमागे एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारचा छळ सोसावा लागला होता. त्यात मानसिक छळाखालोखाल आर्थिक लुबाडणूक होती, 6.8 टक्के. मारहाण 2.6 टक्के. जो प्रकार मारहाणीच्या अडीचपट आढळतो, तो काही थोड्या वाईट माणसांच्या स्वभावातून येत नाही. तो सोपा आहे म्हणून होतो. ज्यांच्याकडे घर नाही त्यांचं एटीएम कार्ड सुनेच्या किंवा नातवाच्या खिशात असतं, पेन्शन जमा झाल्याचा निरोप दुसऱ्याच्याच मोबाइलवर येतो. त्याची तर कुठं नोंदही होत नाही.

कायदा आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 सांगतं, की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीनं किंवा दबावानं झालं असं धरून रद्द करता येतं. म्हैसूरच्या माणसाला त्यासाठी दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, असिस्टंट कमिशनरसमोरच्या न्यायाधिकरणात जाता येतं. मेख ‘अटीवर’ या शब्दात आहे. डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की अट होती हे सिद्ध व्हायला हवं, निव्वळ प्रेमापोटी दिलं तर कलम लागू होत नाही. उलट 2 जानेवारी 2025 ला मध्य प्रदेशातल्या ऊर्मिला दीक्षित यांना त्याच न्यायालयानं घर परत मिळवून दिलं. कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, तो उदार नजरेनं वाचावा, असं तिथं म्हटलं गेलं हे खरं. पण मुलानं सांभाळण्याचं लेखी वचन दिलं होतं, हेही तितकंच खरं. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की आईनं किती सोसलं यापेक्षा तिच्याजवळ कागद कोणता होता यावर किती गोष्टी अवलंबून आहेत, ते दिसतं. आणि पोटच्या मुलाकडून अट लिहून घेणारी आई विरळाच.

यावर आक्षेप येतो, की अट लिहायला लावणं म्हणजे घरात अविश्वास पेरणं. मला हे पटत नाही. जे तोंडानं कबूल केलंय तेच कागदावर आलं तर सांभाळणाऱ्या मुलाचं काहीच जात नाही. त्याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे, म्हातारी माणसं काही अज्ञान बालकं नव्हेत, स्वतःचं घर कुणाला द्यायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. अगदी मान्य. म्हणूनच मी बंदी मागत नाही. सही करणाऱ्याला पाच मिनिटं एकट्याला बसवून, त्याला समजेल त्या भाषेत, कन्नड असो, मराठी असो वा उर्दू, दोन गोष्टी सांगाव्यात, की हे परत घेता येणार नाही, आणि हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राखून ठेवता येतो. मग त्यानं खुशाल सही करावी. स्वातंत्र्याचा एवढाच पुळका असेल तर त्या पाच मिनिटांत मुलाला बाहेर थांबायला काय हरकत आहे?

तिसरा आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. हाच कायदा सुनेला हाकलायलाही वापरतात. बेंगळुरूच्या एस. वनिता प्रकरणात सासूसासऱ्यांनी तो सुनेविरुद्ध वापरला, तेव्हा डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बाईचा सामायिक घरात राहण्याचा हक्क असा परस्पर मोडता येणार नाही. एका मुलानं दुसऱ्याचं बक्षीसपत्र मोडायला आईला पुढे करणं, हेही अशक्य नाही. पण हे सगळे घोळ दस्त झाल्यानंतर तो उलटवताना होतात. रद्द करण्याचे अधिकार जितके वाढवू तितके ते वाढतील. सहीच्या आधी थांबवण्यात कुणाला बाहेर काढावं लागत नाही, म्हणून मी तिथं भर देतो. कर्नाटकातली दस्तनोंदणी आता ‘कावेरी 2.0’ या ऑनलाइन प्रणालीवर चालते. बक्षीसपत्राच्या अर्जात देखभालीची अट आणि हयातीचा हक्क हे दोन रकाने आधीच भरलेले ठेवावेत, ज्याला नको असतील त्यानं ते स्वतःच्या हातानं खोडावेत. आणि ज्याला घर मुलालाच द्यायचंय पण घाई नाही, त्याला मृत्युपत्राचा रस्ता मोकळाच आहे. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात.