नावराशीचा रकाना



वधू-वर मेळाव्याच्या अर्जातून 'नावरास' हा रकाना कार्यकारिणीने काढला. त्यावरून मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय काय चालले ते आपण वाचले असेलच. ज्यांनी वाचले नाही ते पुण्यवान.

मागच्या मेळाव्यात आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी पदरमोड करून, दाराशीच टेबल मांडून, दाते पंचांगावरून येईल त्याला नावाचे गुण काढून दिले. त्यांच्या हौसेबद्दल तेव्हाही आभार मानले होते, आजही मानतो. पण झाले असे की मुले-मुली एकमेकांशी दोन शब्द बोलायच्या आत पालकांच्या हातात चिठ्ठ्या पडल्या, आणि काही मंडळी तर जेवणाला न थांबता गाडीत बसली. श्रीखंड उरले.

मुळात अवकहडा चक्रात 27 नक्षत्रांचे 108 चरण आणि दर चरणाला एक अक्षर. बाळ जन्मले तेव्हा चंद्र ज्या चरणात, त्या अक्षरावर जन्मनाव. आधी चंद्र, मग अक्षर. नावरास हा प्रवास उलटा करते. ज्यांची जन्मवेळ कोणी टिपूनच ठेवली नव्हती, त्यांच्यासाठी आपल्या आजी-पणजीच्या काळात ती सोय होती. तिची थट्टा करायची नाही. पण आपण इथे अमेरिकेत मुलांची नावे कशी ठेवली? शाळेतल्या बाईंना हजेरी घेता यावी, 'ळ' नसावा, 'ज्ञ' तर नकोच नको. त्यात चंद्राला कोणी विचारले?

उदाहरणादाखल आर्यन आणि मीरा घ्या. (दोघेही काल्पनिक. कृपया फोन करू नयेत.) 'अ' कृत्तिकेचे, 'मी' मघेचे, दोन्ही नक्षत्रे अंत्य नाडीची. झाली एकनाड! 36 पैकी नाडीचे 8 गुण गेले, आणि घरात सुतक पडल्यासारखे चेहरे. आता मीराला घरी सोनू म्हणतात. 'सो' पूर्वाभाद्रपदेचे, नाडी आद्य. आठच्या आठ गुण परत! म्हणजे अर्ज भरताना आईच्या मनात कोणते नाव आले, यावर स्थळ राहायचे की जायचे. शिवाय ज्या घरांत लग्नात ताटातल्या तांदळावर मुलीचे नवे नाव लिहितात, तिथे तिची नावरास त्याच दिवशी पुन्हा बदलते. ते गुण कोणी मोजल्याचे ऐकिवात नाही.

'मंडळाने संस्कृती बुडवली' म्हणणाऱ्यांना नम्रपणे सांगतो, पत्रिकेचा रकाना जागेवर आहे, ऐच्छिक आहे. ज्यांना तो भरायचा आहे त्यांनी जन्मगाव लिहावे, आणि उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असते हे ध्यानात ठेवावे. न्यूयॉर्कचे घड्याळ भारताच्या मागे हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. तेवढ्या तासाभराने लग्नरास बदलू शकते.

दुसरी बाजू म्हणते, तोही रकाना काढा. त्यांनी डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात घेतलेल्या चाचणीचा दाखला दिला: मूल हुशार की मतिमंद, हे 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिकांवरून सांगायचे होते, बरोबर उत्तरे 46 टक्के. नाणे उडवले असते तरी फार वेगळे झाले नसते. दाखला वजनदार आहे, नाकारत नाही. पण आपले मंडळ ना अंधश्रद्धा निर्मूलनाची शाखा, ना मठ. ज्यांना पत्रिका पाहायची त्यांनी आपल्या गुरुजींकडे पाहावी. मंडळाच्या टेबलावर, मंडळाच्या नावाने गुण वाटले जाणार नाहीत, इतकाच निर्णय आहे.

या विषयासाठी मुद्दाम विशेष सभा बोलावली होती. ग्रुपवर रात्री एकपर्यंत जागणाऱ्यांपैकी किती जण आले? खुर्च्यांवर कार्यकारिणीचेच लोक जास्त. चहा बेसिनमध्ये ओतावा लागला. घटनेप्रमाणे मत सभेत नोंदवायचे असते, अंगठ्याच्या चित्राने नव्हे. आणि ज्यांची लग्ने व्हायची आहेत त्यांच्यापैकी एकजण आली होती. तिने विचारले ते एवढेच, की अर्जात 'नोकरीसाठी गाव बदलायची तयारी आहे का' असा रकाना का नाही. तो आता घातला आहे.

यंदाच्या मेळाव्याच्या तारखेबद्दलही तक्रार आली. मुहूर्त हॉलवाल्याने दिला, त्याला आमचा इलाज नाही. एकादशी आहे हे आम्हालाही उशिरा कळले. म्हणून उपवासाची ताटे किती, ते अर्जावर वेगळे लिहावे. अर्ज शक्यतो मुलामुलींनी स्वतः भरावा. वर्गणी थकलेल्यांनी ती आधी भरावी, कारण हॉलची उरलेली रक्कम आगाऊ द्यायची आहे. खुर्च्या मांडायला, पार्किंगला आणि साबुदाणा भिजवायला माणसे हवी आहेत. मागच्या वर्षीचे टेबलवाले काका नोंदणीच्या टेबलावर बसायला तयार झाले आहेत, त्यांच्या जोडीला कोणीतरी तरुण हवे. लॅपटॉप स्वतःचा आणावा.