क्रोमाइटची काळी वाळू

घरांतील स्टेनलेस स्टीलचा डबा गंजत नाहीं याचें श्रेय त्यांतील क्रोमियम धातूस आहे. हा धातु ज्या दगडापासून मिळतो तें क्रोमाइट. १७९७ सालीं व्होकलँ या फ्रेंच रसायनज्ञानें सैबेरियांतील एका तांबड्या खनिजांत क्रोमियम शोधिला. त्याच्या क्षारांचे नानाविध रंग पाहून ग्रीक ‘क्रोमा’, म्हणजे वर्ण, या शब्दावरून त्याचें नामकरण झालें. क्रोमाइट मात्र काजळासारखें काळें!

हा दगड दळून, धुऊन व चाळून केलेली वाळू ओतशाळांत वापरतात. दक्षिण आफ्रिकेंतील बुशवेल्ड प्रदेश तिच्यासाठीं प्रसिद्ध आहे. कोल्हापूरच्या ओतशाळा ज्यांनीं पाहिल्या असतील ते विचारतील कीं, साधी वाळू असतां ही महाग वाळू कशाला? कारण असें : साध्या वाळूंतील गार ५७३ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास एकाएकीं फुगते, साच्याचा पृष्ठभाग तडकतो व भेगांत पोलादाचा रस शिरतो. क्रोमाइट फुगतें थोडें आणि क्रमाक्रमानें. शिवाय तें उष्णता झपाट्यानें ओढून घेतें, त्यामुळें वस्तूचा जाड भाग लवकर थिजतो. रेल्वेचे रूळ जेथें एकमेकांस छेदतात तेथील मँगेनीज पोलादाच्या ओतकामांत तर गारेशीं रसाचा रासायनिक संयोग होऊन वाळू वस्तूस चिकटून बसते. क्रोमाइटचें तसें होत नाहीं. काटकसरी कारागीर रसाला भिडणारा थर तेवढा या वाळूचा करितो, मागें साधीच. वापरलेली वाळू चुंबकानें वेगळी काढतां येते. ती काढावीच, कारण गार मिसळली कीं क्रोमाइटची आंच सोसण्याची शक्ति घटते.

गारेच्या सूक्ष्म धुळीनें कामगारांस सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य रोग जडतो. क्रोमाइटमध्यें तो दोष नाहीं. परंतु मागें साधी वाळू आहे तोंवर नाकावरचा पडदा सुटत नाहीं, आणि धूळ कोणतीहि वाईटच.

क्रोमाइटमधील क्रोमियम त्रिसंयुजी असतो व तो फारसा उपद्रवी नाहीं. षट्संयुजी क्रोमियम मात्र विषारी व कर्करोगकारक आहे. भारतांतील बहुतेक क्रोमाइट ओडिशांतील सुकिंदा खोऱ्यांत आहे, आणि तेथील खाणींच्या पाण्यांत हा षट्संयुजी प्रकार आढळला आहे. गांवकऱ्यांचें पाणी त्याच खोऱ्यांतलें! तें खाणींचें पाणी ओढ्यांत सोडण्यापूर्वीं त्यांत हिराकस घालतात, पूर्वीं घरोघर शाईंत पडे तोच. त्यानें षट्संयुजी क्रोमियमचा त्रिसंयुजी होऊन गाळाबरोबर तळाशीं बसतो.