गड नको, नदीकाठ चालेल!

कॅनडातल्या मित्राचा फोन आला, ‘नदीकाठी स्कीइंग केलं, एकदम सोप्पं!’ आपल्याकडे बर्फ कुठला? पण नदीकाठ आहे ना बॉस! मग गाठा अहिल्यानगर जिल्ह्यातली, अकोले तालुक्यातली रतनवाडी. अमृतेश्वराच्या हेमाडपंती देवळापासून रतनगडाची वाट निघते. सुरुवातीला चढ जवळपास नाहीच. प्रवरेच्या कडेकडेनं, झाडीतनं चालायचं आणि मधे मधे पात्र ओलांडायचं. पहिल्यांदाच ट्रेकला येणाऱ्या ऑफिसातल्या मैत्रिणीलाही झेपेल.

पावसाळ्यात मात्र जपून! प्रवरा रतनगडावरच उगम पावते. वर पाऊस कोसळला की घोट्याएवढं पाणी बघता बघता मांडीला लागतं. गेल्या जुलैत आम्ही पात्रात पाय टाकणार, तोच गावातले एक मामा म्हणाले, ‘आत्ता जाल ओ, पण माघारी कसे येणार?’ पहाटे तीनला उठून आलो होतो! चौघांचे चेहरे पडले, तरी मागे फिरलो. दोन तासांनी पाहिलं, तर तिथंच गढूळ लोंढा घोंगावत होता.

तेव्हा मंडळी, दिवाळीनंतर जा. गड काही पळून जात नाही!