चेंबरचं एक झाकण आमच्यासाठी

प्रति,
मा. प्रधान सचिव, पर्यटन विभाग
मा. परिवहन आयुक्त
महाराष्ट्र राज्य

महोदय,

निवृत्तीचे पैसे हातात आले की बहुतेक जण एफडी करतात, नाहीतर मुलाच्या फ्लॅटला हातभार लावतात. आमच्यासारखे थोडे लोक कॅम्परव्हॅनच्या, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या, चौकशा करत फिरतात. हे पत्र त्या चौकशांमधून निघालंय. दोन खात्यांना एकत्र लिहितोय, कारण गाडी एका खात्याकडे आणि मुक्काम दुसऱ्याकडे, आणि आम्ही अडकतो ते नेमके या दोहोंच्या मध्ये.

हे श्रीमंतांचं खूळ आहे असं वाटत असेल, तर आमच्या घरातलं कारण सांगतो. हिचे गुडघे वाकत नाहीत आणि रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे. ढाब्यावरच्या संडासात उकिडवं बसायचं, दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही. म्हणून प्रवासाच्या दिवशी ती गोळी घेत नाही आणि दुपारपर्यंत पाणीही पीत नाही. ओळखीतल्या कितीतरी बायका हेच करतात, डॉक्टरांना मात्र सांगत नाहीत. आपला कमोड, आपली गादी, रात्रीची मऊ खिचडी आणि इन्सुलिनपुरता फ्रीज एवढं सोबत असलं, तर अजिंठाही होतं आणि हंपीही.

आता कागदपत्रं. सोपी वाट म्हणजे फोर्स ट्रॅव्हलरसारखी गाडी घ्यायची आणि गॅरेजवाल्याकडून आतली बाकं काढून पलंग-ओटा बसवून घ्यायचा. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ नोंदीशी न जुळणाऱ्या बदलाला मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट याच बदलावर ठेवणार. नियम योग्यच आहे. ज्या गाडीत माणसं झोपणार, तिची वायरिंग कुणीही यावं आणि करावी असं नको. अशा गाड्यांसाठी, म्हणजे सरकारी भाषेत 'मोटर कॅराव्हॅन'साठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानकही आहे, आणि ते छापणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे.

मी ज्या आरटीओ कार्यालयात गेलो, तिथे मात्र एआयएस-१२४ हा आकडा कुणी ऐकलेला नव्हता. खिडकीतल्या मुलाने माझा कागद दोनदा वाचला आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "काका, आत बेड टाकायचाय ना? मग अ‍ॅम्ब्युलन्स म्हणून करून घ्या की!" त्याचा दोष नाही. त्याच्यापुढे रोज दुचाक्या, रिक्षा आणि ट्रक येतात. पण खासगी मालकाच्या कॅम्परव्हॅनला कोणते कागद लागतात, कर कोणत्या हिशेबाने बसतो, याचं एक पानी मराठी परिपत्रक प्रत्येक कार्यालयात असायला काय हरकत आहे? ऑगस्ट २०२५ पासून खासगी कार, जीप आणि व्हॅनला वर्षभराचा फास्टॅग पास मिळतो. आमची गाडी त्या 'व्हॅन'मध्ये बसते का, हेही त्याच पानावर येऊ द्या. टोलनाक्यावर ठरवायची ही गोष्ट नाही.

लायसन्सबद्दल तक्रार नाही. पंचावन्नच्या पुढे ते पाचच वर्षांचं मिळतं आणि डॉक्टरांचा दाखला लागतो, हे बरंच आहे. उलट डोळ्यांची तपासणी आणखी कडक करा. मोतीबिंदू पिकत आलेला माणूस रात्री घाटात गाडी घालतो, ते मी पाहिलंय.

खरी गाठ मुक्कामाची आहे. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन धोरण जाहीर केलं. केरळनेही त्याच वर्षी केलं आणि वागमोनला पार्क उभारून दाखवला. आपल्या धोरणाचा रोख मात्र गाड्या भाड्याने देणाऱ्यांवर आणि पार्क उभारणाऱ्या गुंतवणूकदारांवर आहे. स्वतःची गाडी घेऊन येणारं म्हातारं जोडपं त्यात कुठे दिसत नाही. गुंतवणूकदार येईल तेव्हा येईल. आमची निवृत्ती त्याच्यासाठी थांबत नाही.

शिवाय आम्हाला लागतं ते फार थोडं. अमेरिकेत मुलाकडे गेलेल्यांनी तिथल्या कॅम्पग्राउंडवर पाहिलं असेल: गाडी उभी करायला सपाट जागा, विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि जमिनीत झाकणाचं एक भोक. टाक्या रिकाम्या करायच्या अशा जागेला 'डम्प स्टेशन' म्हणतात आणि सगळा खेळ त्याचाच आहे. गाडीत तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची आणि एक मैल्याची. छोट्या गाडीत मैल्याची टाकी म्हणजे हाताने ओढून काढायची वीसेक लिटरची पेटी. ती दोघांना दोन-तीन दिवस पुरते. मग ती रिकामी कुठे करायची? आज याला अधिकृत उत्तर नाही, त्यामुळे अनधिकृत उत्तर ओढ्यात जातं. गाड्या वाढतील तसं तेही वाढेल, आणि तेव्हा गावकरी आम्हाला वेशीवरूनच हाकलतील. त्यांचं चुकणारही नाही.

जागा तुमच्याकडे आहेत. गणपतीपुळे, तारकर्ली, भंडारदरा, लोणार, फर्दापूर, चिखलदरा इथे एमटीडीसीची निवासं आहेत, त्यांना आवारं आहेत. प्रत्येक आवारात दोन गाड्यांची जागा, सोळा अ‍ॅम्पिअरचा झाकणबंद सॉकेट, नळ आणि मैल्याच्या चेंबरला तीन इंची तोंड एवढंच करा. रात्रीचं भाडं घ्या, खोलीच्या तिसऱ्या हिश्शाइतकं लावलंत तरी देऊ. फक्त एक पाटी हवी: फॉर्मल्डिहाइडचं निळं रसायन वापरणाऱ्यांनी इथे टाकी ओतू नये. त्याने सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि मग वास निवासातल्या पाहुण्यांना येतो. एसटीच्या आगारांचाही विचार व्हावा. तिथे रात्रभर दिवे आणि राखणदार असतात, गाड्या धुवायला पाणीही असतं.

सुरुवात फर्दापूर आणि तारकर्लीपासून करा, एक डोंगराकडचं आणि एक खाऱ्या हवेतलं. पावसाळ्याआधी प्लंबर पाठवा. चेंबरचं तोंड जमिनीपासून किती उंच असावं याचं मोजमाप हवं असेल तर आमच्यापैकी कुणीही टेप घेऊन येईल.

आपला,
कॅम्परव्हॅनचं बुकिंग अजून न केलेला
एक निवृत्त बँक कर्मचारी